समभुज त्रिकोण

समभुज त्रिकोण : ज्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू समान लांबीच्या असतात त्यास समभुज त्रिकोण म्हणतात. अशा त्रिकोणाचे तिन्ही कोनही समान, म्हणजे प्रत्येकी ६०° असतात. यूक्लिड यांच्या भूमितीविषयक ग्रंथातील पहिल्या खंडाची पहिलीच रचना दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्याची आहे. रेषाखंडाची दोन टोके केंद्रे मानून तेवढ्याच त्रिज्येची दोन वर्तुळे काढली की, त्यांचा छेदनबिंदू हा तिसरा शिरोबिंदू होतो. बाजू अ असल्यास त्रिकोणाची उंची √३अ/२ व क्षेत्रफळ √३अ²/४ असते. मध्यगा, शिरोलंब, कोनदुभाजक व बाजूंचे लंबदुभाजक येथे एकमेकांपासून वेगळे राहत नाहीत. त्यामुळे गुरुत्वमध्य, लंबसंपात, अंतर्वर्तुळाचे केंद्र व परिवर्तुळाचे केंद्र ही चारही एकाच बिंदूत येतात. उलटपक्षी, यांपैकी कोणतीही दोन एकत्र आली, तर त्रिकोण समभुजच असतो. परिवर्तुळाची त्रिज्या अंतर्वर्तुळाच्या त्रिज्येच्या बरोबर दुप्पट असते. इतर कोणत्याही त्रिकोणात ती दुपटीहून अधिक भरते. दिलेल्या परिमितीच्या सर्व त्रिकोणांत समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त असते.

एवढे गुणधर्म सममितीवरून अपेक्षितच आहेत. लक्षणीय गोष्ट अशी की, सममितीचा मागमूसही नसलेल्या ठिकाणी या त्रिकोणामुळे काही बेरजा स्थिर राहतात, आणि कोणत्याही वेड्यावाकड्या त्रिकोणातून तो आपोआप प्रकट होतो. अशा बहुतेक गुणधर्मांच्या मुळाशी एकच साधी क्रिया आहे : ६०° मधून केलेले परिभ्रमण. एखादा रेषाखंड त्याच्या एका टोकाभोवती ६०° फिरविला असता मूळचा रेषाखंड, त्याचे नवे स्थान व दोन्ही मोकळी टोके जोडणारी रेषा यांचा समभुज त्रिकोण होतो. लांबी न बदलता एका जागेचे अंतर दुसऱ्या जागी नेऊन ठेवण्याची सोय या क्रियेने होते.

वर्तुळातील समभुज त्रिकोण : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील विवर हे परिवर्तुळाविषयीचे सिद्धांत प्रत्यक्ष भूमीवर कल्पून पाहण्यास सोयीचे आहे. बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने बनलेल्या या विवराचा काठ जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा सरासरी व्यास सु. १,८३० मी. आहे. (विवराची उत्पत्ती पूर्वी ज्वालामुखीमुळे झाल्याचे मानले जाई; तेथील खडकांत आघाताच्या खुणा आढळल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हे मत मागे पडले.) काठ हे काटेकोर वर्तुळ नाही, हे ध्यानात ठेवून पुढील आकडे घ्यावेत.

या काठावर एकमेकांपासून सारख्या अंतरावर अ, ब, क अशा तीन खुणा केल्या, तर कोणत्याही दोन खुणांमधील सरळ अंतर किती? या प्रश्नाचे उत्तर भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) लीलावतीत तयार आहे. वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या समभुज त्रिकोणापासून नवभुजापर्यंतच्या आकृत्यांच्या बाजू काढण्यासाठी त्यांनी सात गुणक दिले आहेत; वर्तुळाच्या व्यासाला त्या त्या गुणकाने गुणून १,२०,००० ने भागावयाचे असते. त्रिकोणाचा गुणक १,०३,९२३ हा आहे. ६०,००० × √३ ही संख्या १,०३,९२३·०५ इतकी येते. म्हणजे भास्कराचार्यांचा गुणक पूर्णांकात जितका अचूक देता येईल तितका अचूक आहे. २,००० व्यासाच्या वर्तुळासाठी त्यावरून १,७३२ १/२० ही बाजू मिळते. लोणारच्या व्यासासाठी तीच रीत वापरता सु. १,५८५ मी. हे उत्तर येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद १२०७ च्या ज्या शिलालेखात आहे, तो चाळीसगावजवळील पाटण येथील असून ते गाव बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात आहे.

आता एखादी व्यक्ती विवराच्या काठाने चालू लागली असे समजू. तिचे स्थान प असेल, तर पअ, पब व पक ही तिन्ही अंतरे प्रत्येक पावलाला बदलतात. तथापि त्यांतील सर्वांत मोठे अंतर उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतकेच असते, मग प काठावर कोठेही असो. डच गणितज्ञ फ्रान्स व्हान स्कूटेन (१६१५–६०) यांच्या नावाने हा सिद्धांत ओळखला जातो. उदा., ब पासून क च्या दिशेने केंद्राशी २०° चा कोन होईल इतके चालून गेल्यास पब सु. ३१८ मी., पक सु. १,४०२ मी. व पअ सु. १,७२० मी. येते. सिद्धता अशी : प हा बक या कंसावर आहे. पअ या रेषेवर पद = पब होईल असा बिंदू द घ्यावा. अपब व अकब हे एकाच कंसातील कोन असल्याने अपब हा कोन ६०° आहे. म्हणून पबद हा त्रिकोण समभुज होतो. ब भोवती ६०° चे परिभ्रमण केले असता प हा द वर व क हा अ वर जातो; त्यामुळे पक = दअ. म्हणून पअ = पद + दअ = पब + पक.

याच तीन अंतरांच्या वर्गांची बेरीजही स्थिर असते. त्रिज्या त्र असल्यास ती ६त्र² इतकी, म्हणजे लोणारच्या बाबतीत सु. ५०·२ लाख चौ. मी. भरते. वरील उदाहरणातील आकड्यांवरून, पूर्णांकांत मांडल्यामुळे येणारा किरकोळ फरक सोडल्यास, याचा पडताळा मिळतो. बिंदू काठावर नसून प्रतलात अन्यत्र असला, तर वर्गांची बेरीज ३(त्र² + अं²) इतकी होते. येथे अं हे केंद्रापासूनचे अंतर होय. म्हणजे बिंदू कोणत्या दिशेला आहे याचा या बेरजेवर परिणाम होत नाही, केवळ केंद्रापासून किती दूर आहे याचाच होतो. व्हान स्कूटेन यांच्या सिद्धांताला रूमानियन गणितज्ञ दीमीत्रिए पाँपेयू (१८७३–१९५४) यांनी १९३६ मध्ये पूरक रूप दिले : प हा परिवर्तुळावर नसेल, तर पअ, पब व पक या लांबींच्या तीन काठ्यांचा नेहमी त्रिकोण जुळविता येतो. प काठावर येताच तो त्रिकोण चपटा होऊन रेषाखंड बनतो.

लंबांची बेरीज : समभुज त्रिकोणाच्या आतील कोणत्याही बिंदूपासून तिन्ही बाजूंवर टाकलेल्या लंबांची बेरीज त्रिकोणाच्या उंचीइतकी असते. इटालियन गणितज्ञ व्हिंचेंत्सो व्हीव्ह्यानी (१६२२–१७०३) यांचा हा सिद्धांत सिद्ध करण्यास एक वाक्य पुरते : बिंदू तिन्ही शिरोबिंदूंना जोडला की होणाऱ्या तीन त्रिकोणांचे पाये समान असल्याने त्यांच्या उंचींची बेरीज मूळ त्रिकोणाच्या उंचीइतकी असलीच पाहिजे. बाजू असमान असत्या तर हे घडले नसते. सिद्धता सोपी असली, तरी या सिद्धांताचा उपयोग मोठा आहे. ज्या मिश्रणात तीन घटक असून त्यांच्या टक्केवारीची बेरीज १०० असते, ते मिश्रण समभुज त्रिकोणातील एका बिंदूने दाखविता येते. तीन संख्यांसाठी कागदाच्या दोनच मिती पुरतात, याचे कारण हाच सिद्धांत होय. मृदाविज्ञानातील पोत-त्रिकोण याच तत्त्वावर आखलेला असतो. वाळू, गाळ (पोयटा) व चिकण माती यांचे प्रमाण तीन बाजूंपासूनच्या अंतरांनी मोजले जाते. पूर्णेच्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीच्या एखाद्या नमुन्यात वाळू २०, गाळ २५ व चिकण माती ५५ टक्के निघाली, तर त्याचा बिंदू त्रिकोणाच्या चिकण मातीच्या कोपऱ्याकडे झुकतो व नमुन्याचा वर्ग वेगळा हिशेब न करता कळतो.

चौफुली व तिफुली मांडणी : सारख्या अंतरावर उभ्या व आडव्या दोऱ्या धरून त्यांच्या प्रत्येक फुलीवर सरकी टोबण्याची चौफुली पद्धत वऱ्हाडात परिचित आहे. तिच्यामुळे शेतात उभी-आडवी अशा दोन्ही दिशांनी डवरणी करता येते. अशा शेतातील झाडे काटेकोरपणे चौरसांच्या कोपऱ्यांवर आहेत असे मानले, तर एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास येते : शेत कितीही मोठे असले, तरी त्यातील कोणत्याही तीन झाडांचा समभुज त्रिकोण होऊ शकत नाही. लाखो झाडांतून तीन निवडण्याचे प्रकार मोजण्यापलीकडचे असतात, तरी त्यांतील एकही साधत नाही.

याचे कारण √३ या संख्येच्या अपरिमेयतेत आहे. दोन ओळींतील अंतर हे एकक मानले, तर पायथॅगोरस यांच्या सिद्धांताप्रमाणे कोणत्याही दोन झाडांतील अंतराचा वर्ग पूर्णांक असतो. तीन झाडांचा समभुज त्रिकोण झाला असता, तर त्याचे क्षेत्रफळ या पूर्णांकाच्या √३/४ पट, म्हणजे अपरिमेय आले असते. परंतु फुल्यांवर शिरोबिंदू असलेला कोणताही त्रिकोण त्याला वेढणाऱ्या आयतातून काही काटकोन त्रिकोण व आयत वजा करून मिळत असल्याने त्याचे क्षेत्रफळ पूर्णांक किंवा अर्ध्याने अधिक पूर्णांक असते. ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. समभुज त्रिकोणाच्या अगदी जवळ मात्र जाता येते. एका ओळीतील ३० घरे अंतरावरची दोन झाडे घेऊन त्यांच्या मध्यापासून २६ ओळी पलीकडचे झाड घेतले, तर एका बाजूचा वर्ग ९०० व इतर दोहोंचा ९०१ येतो. एका मितीची भर पडताच ही अडचण नाहीशी होते, हेही नमूद केले पाहिजे : घनाच्या एका कोपऱ्याला लागून असलेले तीन कोपरे जोडले की, निर्दोष समभुज त्रिकोण मिळतो.

रांगोळी काढणाऱ्यांना हा भेद व्यवहाराने ठाऊक असतो. सरळ ओळींत एकाखाली एक दिलेल्या ठिपक्यांतून चौकोनी नक्षी साधते. षट्कोनी फूल काढावयाचे असल्यास पुढच्या ओळीचे ठिपके आधीच्या ओळीतील ठिपक्यांच्या मधोमध द्यावे लागतात व ओळी थोड्या जवळ घ्याव्या लागतात. ही दुसरी मांडणी समभुज त्रिकोणांची होय. फळबागांत तिला षट्कोनी पद्धत म्हणतात. दोन झाडांतील किमान अंतर तेवढेच ठेवून तीत चौरस पद्धतीपेक्षा सु. १५·५ टक्के अधिक झाडे बसतात, कारण ओळींमधील अंतर झाडांमधील अंतराच्या ०·८६६ पट पुरते. ६ मी. अंतराने चौरस पद्धतीत हेक्टरी २७७, तर या पद्धतीत सु. ३२० झाडे लागतात. आंतरमशागत दोनऐवजी तीन दिशांनी करता येते. मात्र आखणी किचकट असल्याने आणि ओळी अरुंद होत असल्याने हा लाभ सर्वत्र घेतला जात नाही.

कोणत्याही त्रिकोणातून उद्भवणारे समभुज त्रिकोण : चिखली, मेहकर व खामगाव ही तीन गावे सरळ रेषांनी जोडली असता होणारा त्रिकोण समभुज नाही, खामगाव-मेहकर ही त्याची बाजू सर्वांत मोठी व चिखली-मेहकर ही सर्वांत लहान आहे. या तिन्ही गावांपासूनच्या सरळ अंतरांची बेरीज किमान होईल अशी जागा कोणती, हा प्रश्न सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांनी इटालियन शास्त्रज्ञ एव्हांजेलीस्ता तोर्रीचेल्ली यांच्यापुढे ठेवला होता. त्याचे उत्तर समभुज त्रिकोणाने मिळते. अबक या त्रिकोणाच्या आत प हा बिंदू घेऊन ब भोवती ६०° चे परिभ्रमण करावे. त्यायोगे अ हा द वर व प हा फ वर जातो. तेव्हा पअ = फद व पब = पफ; म्हणून तीन अंतरांची बेरीज द-फ-प-क या मोडक्या रेषेच्या लांबीइतकी होते. द हा अब या बाजूवर बाहेरच्या अंगाला उभारलेल्या समभुज त्रिकोणाचा शिरोबिंदू असून तो प वर अवलंबून नाही. मोडकी रेषा सरळ होईल तेव्हा ती सर्वांत लहान असते, आणि तसे घडते तेव्हा प पाशी तिन्ही गावांच्या दिशा परस्परांशी १२०° चा कोन करतात. मूळ त्रिकोणाचा एखादा कोन १२०° किंवा अधिक असल्यास मात्र तो शिरोबिंदूच इष्ट जागा ठरतो. मलकापूर, नांदुरा व शेगाव ही मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानके जवळजवळ एका रेषेत असल्याने त्यांच्यासाठी नांदुरा हेच उत्तर आहे. प्रत्यक्ष रस्ते सरळ नसतात आणि मालाचा भार तिन्ही ठिकाणी सारखा नसतो. त्यामुळे गोदामाची किंवा बाजाराची जागा ठरविताना हे उत्तर केवळ आरंभबिंदू म्हणून उपयोगी पडते.

त्याच चिखली-मेहकर-खामगाव त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण काढून त्यांचे मध्य जोडले, तर जो त्रिकोण मिळतो तो समभुज असतो. समभुज त्रिकोण आतल्या अंगाला काढले तरीही त्यांचे मध्य समभुज त्रिकोणच बनवितात आणि या दोन समभुज त्रिकोणांच्या क्षेत्रफळांतील फरक मूळ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतका असतो. हा सिद्धांत नेपोलियन बोनापार्ट याच्या नावावर मोडतो. नेपोलियनला गणिताची आवड होती हे खरे. परंतु हा सिद्धांत त्याने शोधल्यास विश्वसनीय आधार नाही. तो प्रश्नरूपाने छापला गेल्याचे आढळते ते १८२५ मध्ये इंग्लंडमधील एका वार्षिकात, म्हणजे नेपोलियनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

या सर्वांत आश्चर्यकारक सिद्धांत फ्रँक मॉर्ली (१८६०–१९३७) यांचा होय. कोणत्याही त्रिकोणाच्या प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करावेत. प्रत्येक बाजूला लागून असलेले दोन कोनत्रिभाजक जेथे मिळतात असे तीन बिंदू जोडले असता समभुज त्रिकोण तयार होतो. मूळ त्रिकोण कितीही लांबट वा तिरकस असला तरी यात फरक पडत नाही. कोनदुभाजकांचा अभ्यास यूक्लिड यांच्या काळापासून चालू असता ही गोष्ट १८९९ च्या सुमारापर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाही. कंपास व पट्टी यांच्या साहाय्याने सर्वसाधारण कोनाचे त्रिभागन करता येत नाही (हे १८३७ मध्ये सिद्ध झाले), म्हणून भूमितिज्ञ त्रिभाजकांच्या वाटेला फारसे गेले नसावेत. या सिद्धांताच्या आरंभीच्या सिद्धतांपैकी एक सुटसुटीत सिद्धता एम्. टी. नारायण अय्यंगार यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. १९०७ साली स्थापन झालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेचे ते आरंभीच्या काळातील संपादक होते. या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. हा सिद्धांत उलट दिशेने जाऊनही सिद्ध करता येतो : अंतिम समभुज त्रिकोण आधी गृहीत धरून त्याभोवती मूळ त्रिकोण रचता येतो. पुढील अनेक सिद्धतांनी हाच मार्ग अनुसरला.

सर्वेक्षणातील उपयोग : एक पायारेषा मोजून बाकीची अंतरे केवळ कोनांवरून काढण्याच्या त्रिकोणीकरण पद्धतीत त्रिकोण शक्य तो समभुजाच्या जवळपास निवडले जातात. ज्ञात बाजूवरून दुसरी बाजू काढताना कोनाच्या मापनातील चुकीचा परिणाम त्या कोनाच्या कोस्पर्शज्येच्या प्रमाणात होतो. १० सेकंदांची चूक ६०° च्या कोनात झाल्यास काढलेल्या अंतरात दर किमी.ला सु. ३ सेंमी. फरक पडतो, तीच चूक १५° च्या कोनात झाल्यास फरक १८ सेंमी. होतो. यामुळे ३०° हून लहान कोन टाळण्याचा प्रघात पडला. विल्यम लँबटन यांनी दक्षिण भारतात सुरू केलेली त्रिकोणांची मुख्य साखळी सु. ७८° पूर्व रेखांशाच्या अनुरोधाने उत्तरेकडे सरकत होती. बुलढाणा जिल्हा या रेषेच्या पश्चिमेस राहतो. लँबटन यांचा मृत्यू १८२३ मध्ये हिंगणघाट येथे झाल्यावर हे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती होऊ लागल्यापासून अशा साखळ्यांची गरज उरलेली नाही.

या मोठ्या त्रिकोणांच्या बाबतीत एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागे. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्याने त्यावरील समभुज त्रिकोणाचे कोन ६०° हून किंचित मोठे असतात. सु. १९७ चौ. किमी. क्षेत्रफळामागे तिन्ही कोनांची बेरीज १ सेकंदाने वाढते, ४० किमी. बाजूच्या समभुज त्रिकोणात ही वाढ सु. ३·५ सेकंद होते. बाजू पृथ्वीच्या परिघाच्या चतुर्थांशाइतक्या घेतल्या, उदा., एक शिरोबिंदू ध्रुवावर व उरलेले दोन विषुववृत्तावर ९०° अंतराने, तर त्या समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन होतात.